स्वरांचे भांडार खुले करणारे पंडित भातखंडे

जव्हार व मोखाडा तालुक्यांतील पाड्यांवर तारप्याचे वादन पिढ्यान् पिढ्या कानांनीच शिकले गेले. जाणत्या वादकाजवळ बसावे, ऐकावे आणि वाजवून पाहावे, हीच त्याची शाळा. परंतु शिकणारा उरला नाही, तर अशी विद्या जाणत्याबरोबरच लोपते. शास्त्रीय संगीताबाबत हा धोका ओळखणारे पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचे आम्ही येथे स्मरण करीत आहोत.

त्यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी मुंबईत वाळकेश्वर येथे झाला. कायद्याची पदवी घेऊन ते वकिली करू लागले. १९०० साली पत्नी आणि १९०३ साली कन्या निवर्तली. त्यानंतर वकिली सोडून त्यांनी उर्वरित आयुष्य संगीताला वाहिले.

त्या काळी अनेक उस्ताद आपल्या चिजा घराण्याबाहेर देत नसत. भातखंडे यांनी देशभर फिरून त्या मोठ्या चिकाटीने मिळवल्या, स्वरलिपीत लिहिल्या आणि 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत सर्वांसाठी प्रसिद्ध केल्या. दक्षिणेतील मेळपद्धतीचा अभ्यास करून त्यांनी हिंदुस्थानी रागांची दहा थाटांत मांडणी केली. सर्वच राग त्यांत नीट बसत नाहीत, असा आक्षेप जाणकार घेतात. तरीही विद्यार्थ्याला पहिली वाट तिथेच सापडते.

थाट म्हणजे रागाचा सांगाडा. सातही स्वर शुद्ध असले की बिलावल. त्यातील मध्यम तीव्र केला की कल्याण. बिलावलचा केवळ निषाद कोमल केला की खमाज, आणि त्यात गांधारही कोमल केला की काफी. एका स्वराने साऱ्या गाण्याचा भाव पालटतो. मात्र नावे पाठ करून हे उमगत नाही. षड्ज स्थिर ठेवून एकच थाट रोज संथपणे चढत-उतरत गावा लागतो. तेव्हा कुठे कान तयार होतो. पवित्र सभेच्या प्राचीन ग्रेगोरियन गायनातही असेच आठ स्वरप्रकार आहेत.

१९२६ साली लखनौ येथे त्यांच्या पुढाकाराने संगीत महाविद्यालय सुरू झाले. आज ते त्यांच्याच नावाचे विद्यापीठ आहे. अखेरची काही वर्षे आजारपणात काढून १९ सप्टेंबर १९३६ रोजी ते निवर्तले.

आपल्या पाड्यांवरही गीते जपणारी वडीलधारी माणसे आहेत. त्यांच्याजवळ बसून ती वेळीच शिकून घ्यावीत आणि लिहून ठेवावीत, असे आम्हांला मनापासून वाटते.