नोकरीच्या शोधात असलेल्यांचे कैवारी : संत काजेतान

ज्युबिलीच्या अंकात एखाद्या संताचे चरित्र असावे ही जुनी रीत होय. या खेपेस आम्ही संत काजेतान यांची निवड केली, तिचे कारण आमच्या वाचकांस सांगावयास नकोच. शिक्षण पुरे करून अर्जामागून अर्ज धाडणारे तरुण घरोघरी आहेत, आणि शिफारसपत्रासाठी धर्मगुरूंच्या दारी येणारे आईबापही कमी झालेले नाहीत. ज्यांच्या हातांस काम नाही अशांचे कैवारी म्हणून काजेतान यांची ख्याती आहे. मौज अशी की, या संताला मोठी मानाची जागा मिळाली होती आणि ती त्यांनी आपण होऊन सोडली. मग बेकारांनी त्यांच्याकडे कोणत्या आशेने पाहावे?

काजेतान यांचा जन्म १४८० साली इटलीतील विचेन्झा शहरी, तिएने या सरदार घराण्यात झाला. ते अगदी लहान असतानाच वडील लढाईत पडले. धर्मशील मातेने त्यांना वाढविले. पादुआच्या विद्यापीठात १५०४ साली त्यांनी दिवाणी व धर्मसभेच्या अशा दोन्ही कायद्यांत डॉक्टरची पदवी मिळविली. पुढे रोमला पोप दुसरे ज्युलियस यांच्या दरबारी त्यांची नेमणूक झाली. त्या काळी तेथील पुष्कळ जागांची उघड खरेदी-विक्री चाले, आणि वशिल्यावाचून पान हालत नसे. ज्या फाटकापाशी आपली मुले आज ताटकळत उभी आहेत, त्याच्या आतली बाजू काजेतान यांनी जवळून पाहिली होती, असे म्हणावयास हरकत नाही. १५१३ साली पोपमहाराज निवर्तले. काजेतान यांनी पदाचा राजीनामा दिला, आणि १५१६ साली, वयाच्या पस्तिशीत, गुरुदीक्षा घेतली.

दोन वर्षांनी मातेच्या मृत्यूमुळे ते विचेन्झास परतले. तेथे संत जेरोम यांच्या नावाची एक धर्मबंधूंची मंडळी होती. तीत सारे हातावर पोट असणारे, शहरात ज्यांस कोणी विचारीत नसे असे लोक. सरदारपुत्र काजेतान त्या मंडळीत जाऊन बसले. आप्तेष्टांस हा घराण्याच्या नावास बट्टा वाटला. त्यांनी तिकडे लक्ष दिले नाही. ते शहरातील रोग्यांच्या शोधात हिंडत व आपल्या हातांनी त्यांची शुश्रूषा करीत. पुढे व्हेनिस येथेही असाध्य रोग्यांच्या इस्पितळासाठी ते झटले.

१५२४ साली काजेतान व त्यांचे तीन सोबती यांनी रोम येथे सेंट पीटरच्या मंदिरात व्रते घेतली, आणि थिआतिन संघ स्थापन झाला. सोबत्यांपैकी काराफा हे पुढे चौथे पॉल या नावाने पोप झाले. संघाचा नियम असा की, उत्पन्न बाळगावयाचे नाही आणि भिक्षाही मागावयाची नाही. देव भाविकांच्या मनात घालील त्यावर राहावयाचे. येथे थोडे थांबून सांगितले पाहिजे. हा नियम पोराबाळांच्या धन्यासाठी नव्हता. धर्मसभेच्या उत्पन्नावर डोळा ठेवून धर्मगुरू होणाऱ्यांच्या लोभावर तो उतारा होता. देवावर भरवसा म्हणजे हात बांधून बसणे, असा अर्थ या संताच्या चरित्रातून काढील त्याने ते नीट वाचलेच नाही. १५२७ साली सैन्याने रोम लुटले, तेव्हा विचेन्झातील ओळखीच्या एका शिपायाने त्यांच्याकडे धन असेल या समजुतीने त्यांचे हाल केले. धन त्यांनी केव्हाच वाटून टाकले होते.

१५३३ साली ते नेपल्सला गेले. तेथील एका उमरावाने संघाला जमिनी देऊ केल्या. नेपल्सचे लोक व्हेनिसकरांइतके सधन नाहीत, तेव्हा उत्पन्न हवेच, असे त्याचे म्हणणे. देव दोन्ही शहरांत एकच आहे, असे सांगून काजेतान यांनी ते दान परत केले.

आमच्या विषयास सर्वांत जवळची गोष्ट याच शहरातली. काम गेले की गरीब माणूस सावकाराकडे जातो. मग व्याज फेडण्यासाठी तो मिळेल ते काम, देतील त्या मजुरीवर, कसल्याही अटीवर पत्करतो. प्रामाणिक कामाची वाट पाहण्याची मोकळीक त्याला उरत नाही. काजेतान यांनी हे ओळखले होते. यावर उपाय म्हणून गरिबांसाठी तारणाच्या पेढ्या उभारण्याच्या कामी त्यांनी व त्यांचे सहकारी मारिनोनी यांनी कष्ट घेतले. नेपल्सची अशी पेढी १५३९ साली निघाली. घरातील एखादी वस्तू ठेवून लहानशी रक्कम बिनव्याजी न्यावी, आणि परतफेड होताच वस्तू सोडवावी, अशी तिची रीत होती. बांको दि नापोलि ही मोठी बँक आपले मूळ याच पेढीत सांगत असे. वसईच्या कॅथलिक लोकांनी १९१८ साली सहकारी पतसंस्था काढली, तिचे मोल जाणणाऱ्या वडीलधाऱ्यांस या गोष्टीचे मर्म अधिक फोड करून सांगावयास नको. नोकरीसाठी नोव्हेना धरणाऱ्या मुलास तुझ्यावर कर्ज किती आहे, हेही कोणी आपुलकीने विचारील, तर ते काजेतान यांच्याच रीतीला धरून होईल.

अखेरच्या दुखण्यात वैद्यांनी गादी घेण्यास सांगितले. पण प्रभूने लाकडी क्रुसावर प्राण सोडला हे आठवून ते फळ्यांवरच पडून राहिले. ७ ऑगस्ट १५४७ रोजी ते देवाघरी गेले. १६७१ साली त्यांना संतपद मिळाले. सतराव्या शतकात थिआतिन धर्मगुरू गोव्यास आले. सेंट पीटरच्या धर्तीवर त्यांनी बांधलेले घुमटाचे देऊळ जुन्या गोव्यात आजही उभे आहे. आर्जेन्टिनात, ब्युनॉस आयरिस येथील काजेतान यांच्या मंदिरापुढे दरवर्षी ७ ऑगस्टला हजारो लोक गव्हाच्या लोंब्या घेऊन रांगेत उभे राहतात. त्यांत भाकर व काम मागावयास आलेले असतात, आणि काम मिळाले म्हणून आभार मानावयास आलेलेही असतात.