विश्लेषण : कामगारांना पेन्शन देणारे बिस्मार्क… सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीचे गणित आज जर्मनीला का जड जाते आहे?

पगाराच्या स्लिपवर भविष्य निर्वाह निधीची कपात दिसते. म्हातारपणासाठी कामगार आणि मालक दोघांनीही पैसे भरायचे, हे आपण गृहीतच धरतो. ही पद्धत देशव्यापी कायद्यात आणली ती जर्मनीचे चान्सलर ऑटो फॉन बिस्मार्क यांनी, १८८९मध्ये. समाजवाद्यांच्या या कट्टर विरोधकाने कामगारांना पेन्शन का दिली?

बिस्मार्क कोण होते?
त्यांचा जन्म १ एप्रिल १८१५ रोजी प्रशियातील जमीनदार घराण्यात झाला. कायद्याचे शिक्षण घेऊन ते सरकारी नोकरीत शिरले. पण तिथे मन रमेना म्हणून घरची शेती पाहू लागले. १८६२मध्ये ते प्रशियाचे पंतप्रधान झाले. डेन्मार्क, ऑस्ट्रिया आणि फ्रान्सविरुद्धच्या तीन युद्धांनंतर १८७१मध्ये जर्मन साम्राज्य उभे राहिले आणि बिस्मार्क त्याचे पहिले चान्सलर झाले.

पेन्शनची गरज का वाटली?
कारखाने वाढत होते आणि कामगार समाजवादी पक्षाकडे वळत होते. १८७८मध्ये सम्राटावर दोनदा हल्ले झाले. त्यानंतर बिस्मार्क यांनी समाजवाद्यांच्या सभा आणि वृत्तपत्रांवर बंदी आणणारा कायदा केला. पण नुसत्या बंदीने भागणार नाही, कामगाराला सरकारचा आधार वाटला पाहिजे, हे त्यांनी ओळखले. १८८३मध्ये आजारपणाचा, १८८४मध्ये अपघाताचा आणि १८८९मध्ये अपंगत्व व वृद्धापकाळाचा विमा आला.

पैसा कुठून आला?
पेन्शनचा मोठा भार सरकारने उचलावा, असे बिस्मार्क यांना वाटत होते. सामाजिक योजनांसाठी तंबाखूचा व्यापार सरकारी मक्तेदारीत आणण्याचा त्यांचा प्रस्ताव मात्र १८८२मध्ये संसदेने फेटाळला. अखेर कामगार आणि मालक यांनी निम्मे-निम्मे भरायचे आणि सरकारने प्रत्येक पेन्शनमागे वर्षाला ५० मार्क घालायचे, असे ठरले. भरलेल्या पैशांची नोंद म्हणून कामगाराच्या कार्डावर तिकिटे चिकटवली जात.

वयाची अट किती होती?
बिस्मार्क यांनी ६५ वर्षांची अट घातली, असे अनेकदा सांगितले जाते. ते चूक आहे. मूळ अट ७० वर्षांची होती. ती १९१६मध्ये ६५वर आली. त्या काळी जर्मनीत जन्मवेळचे सरासरी आयुर्मान ४० वर्षांच्या आसपास होते. बालमृत्यूंमुळे हा आकडा फार खाली दिसतो, हे खरे. तरीही सत्तरी गाठणारे कामगार कमीच असत. त्यामुळे खर्च आटोक्यात राहिला. कामगारांच्या विधवांना मात्र या कायद्याने पेन्शन दिली नाही.

राजकीय डाव साधला का?
नाही. समाजवाद्यांनी या कायद्याच्या विरोधात मतदान केले आणि १८९०च्या निवडणुकीत सर्वाधिक मते त्यांनाच मिळाली. नवे सम्राट दुसरे विल्हेल्म यांच्याशी मतभेद होऊन त्याच वर्षी मार्चमध्ये बिस्मार्क यांना पद सोडावे लागले. पेन्शन कायदा १ जानेवारी १८९१ रोजी लागू झाला, तेव्हा ते सत्तेबाहेर होते. ३० जुलै १८९८ रोजी त्यांचे निधन झाले, वय ८३.

आज अडचण काय आहे?
१९२३च्या महागाईत पेन्शनची साठवलेली गंगाजळी मातीमोल झाली. १९५७पासून पेन्शन वेतनवाढीशी जोडली गेली आणि आजच्या कामगारांच्या पैशातून आजच्या वृद्धांना पेन्शन, हीच रीत रुळली. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला एका पेन्शनरामागे सहा जण पैसे भरत होते. आता जेमतेम दोन भरतात. जन्मदर घटला आणि आयुष्य वाढले. पेन्शनसाठी वेतनाच्या १८.६ टक्के रक्कम (२०२५) कामगार आणि मालक मिळून भरतात. तरीही सरकारला वर्षाला १०० अब्ज युरोंहून अधिक रक्कम ओतावी लागते.

यावर उपाय तीनच : वय वाढवा, वर्गणी वाढवा किंवा पेन्शन कमी करा. तिन्ही नको असतील, तर करदात्यांच्या खिशात हात घालावा लागतो. जर्मनी निवृत्तीचे वय टप्प्याटप्प्याने ६७वर नेत आहे. ते २०३१मध्ये पूर्ण होईल. म्हणजे तेव्हाही ते बिस्मार्क यांच्या मूळ अटीपेक्षा तीन वर्षांनी कमीच असेल. फरक इतकाच, की तेव्हा सत्तरी गाठणारे थोडे होते; आज बहुतेक जण गाठतात आणि पुढेही अनेक वर्षे जगतात.