सर डेव्हिड ब्रूस : जनावराच्या रक्तातून माणसाच्या रोगाकडे

आफ्रिकेतील निद्रारोगाचा इतिहास सर डेव्हिड ब्रूस यांच्या नावावाचून पूर्ण होत नाही. जनावराच्या रक्तात वावरणारा परजीवी आणि माणसाचा बळी घेणारा परजीवी एकच की भिन्न, या प्रश्नाचा पाठपुरावा त्यांनी अनेक वर्षे केला. त्यांच्या काळच्या सूक्ष्मदर्शकाला याचे उत्तर देता येणे शक्य नव्हते. ते मिळाले त्यांच्या निधनानंतर सुमारे सात दशकांनी, परजीवीच्या जनुकांतून.

ब्रूस यांचा जन्म २९ मे १८५५ रोजी ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे एका स्कॉटिश कुटुंबात झाला. बालपणीच ते स्कॉटलंडला परतले आणि १८८१ मध्ये एडिंबरा विद्यापीठातून वैद्यकाची पदवी घेऊन बाहेर पडले. १८८३ मध्ये मेरी एलिझाबेथ स्टील यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्याच सुमारास ते लष्कराच्या वैद्यकीय सेवेत रुजू झाले. नेमणूक झाली माल्टा बेटावर. तेथील सैनिकांना जर्जर करणाऱ्या तापाचा जंतू त्यांनी मृतांच्या प्लीहेतून वेगळा केला आणि १८८७ मध्ये आपले संशोधन प्रसिद्ध केले. पुढे या जंतूंच्या कुळाला ब्रुसेला हे नाव त्यांच्यावरूनच मिळाले. बेटावरील शेळ्यांच्या दुधातून हा ताप माणसाला होतो, हे १९०५ मध्ये त्यांच्या आयोगातील थेमिस्टोक्लीस झामिट यांच्या तपासणीतून उघड झाले.

१८९४ मध्ये ब्रूस दक्षिण आफ्रिकेतील नाताळ येथे आले. झुलूलँडमधील गुरे नगाना नावाच्या रोगाने मरत होती. उबोंबो येथील टेकडीवर एका साध्या झोपडीत ब्रूस दांपत्याने प्रयोगशाळा थाटली. आजारी गुरांच्या रक्तात त्यांना वळवळणारा सूक्ष्म परजीवी, ट्रिपॅनोसोम, दिसला. दोष चाऱ्याचा की पाण्याचा, याचा छडा लावण्यासाठी त्यांनी निरोगी जनावरे टेकडीखालच्या त्सेत्सी माशीच्या पट्ट्यात नेली आणि त्यांना काही खाऊपिऊ न देता परत आणली. तरीही ती आजारी पडली. दोषी माशीच होती. रानरेडे, कुडू यांसारख्या वन्य प्राण्यांच्या रक्तातही हा परजीवी असतो, मात्र ते प्राणी धडधाकट दिसतात, हेही ब्रूस यांनी दाखवून दिले. १८९९ मध्ये या परजीवीला ट्रिपॅनोसोमा ब्रुसी हे नाव देण्यात आले. त्याच वर्षी बोअर युद्ध पेटले आणि लेडीस्मिथच्या वेढ्यात ब्रूस जखमींवर शस्त्रक्रिया करीत होते. मेरी त्यांच्यासोबत परिचारिकेचे काम करीत होत्या.

त्या सुमारास युगांडात निद्रारोगाने थैमान घातले होते. या साथीत दोन लाखांहून अधिक माणसे दगावली, असा अंदाज आहे. १९०३ मध्ये ब्रूस तेथे पोहोचण्यापूर्वीच आल्डो कास्टेलानी यांना रुग्णांच्या मेरुद्रवात ट्रिपॅनोसोम आढळले होते. त्यांचे महत्त्व मात्र ब्रूस यांनी तत्काळ ओळखले. त्यांनी ठिकठिकाणांहून माश्या मागवल्या आणि माशीचा व रोगाचा असे दोन नकाशे तयार केले. दोन्ही नकाशे जुळले. शोधाचे श्रेय कोणाचे, यावरून पुढे बराच वाद झाला.

१९११ ते १९१४ या काळात न्यासालँडमध्ये, म्हणजे आजच्या मलावीत, काम करताना त्यांनी ठाम निष्कर्ष काढला. तेथील निद्रारोगाचा परजीवी आणि नगानाचा परजीवी एकच असून वन्य प्राणी हे त्याचे कोठार आहे, असे त्यांचे मत झाले. माशीच्या प्रदेशातील वन्य प्राणी हटवावेत, अशी भूमिका त्यांनी घेतली. जर्मन डॉक्टर माक्स टाउटे यांना हे मान्य नव्हते. त्यांनी लागण झालेल्या जनावराचे रक्त स्वतःला टोचून घेतले आणि ते आजारी पडले नाहीत. वाद मिटला नाही. पुढील दशकांत मात्र त्सेत्सी माशीला हटवण्यासाठी दक्षिण ऱ्होडेशियात लाखो वन्य प्राणी मारले गेले.

माणसाच्या रक्तातील एपीओएल-१ हे प्रथिन नगानाच्या परजीवीला नष्ट करते, हे २००३ मध्ये स्पष्ट झाले. पूर्व आफ्रिकेतील मानवी परजीवीकडे एसआरए नावाचे जनुक असते आणि त्याच्या बळावर तो या प्रथिनाला दाद देत नाही, हे १९९८ मध्ये आढळले होते. एरवी दोघांत फारसे अंतर नाही. म्हणजे ब्रूसही बरोबर होते आणि टाउटेही. या जनुकाचा माग काढत २००१ मध्ये युगांडातील पाळीव गुरांच्या रक्तातही माणसाला घातक ठरणारे परजीवी ओळखता आले. धोका केवळ रानात नव्हता, तो गोठ्यातही होता.

या कथेचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. ग्रिफिथ इव्हान्स यांनी १८८० मध्ये पंजाबात घोडे आणि उंटांच्या सर्रा रोगाचा ट्रिपॅनोसोम शोधला होता. तो ब्रूस यांच्या परजीवीचाच जवळचा नातलग. माणसाला तो सहसा बाधत नाही. २००४ मध्ये मात्र चंद्रपूर जिल्ह्यातील एका रुग्णाच्या रक्तात तो सापडला. रुग्णाच्या शरीरात एपीओएल-१ हे संरक्षक प्रथिनच नव्हते, असे २००६ मध्ये सिद्ध झाले. जनावराचा रोग माणसाला होणार की नाही, हे परजीवीच्या जनुकांइतकेच माणसाच्या जनुकांवरही अवलंबून असते, हे त्यातून दिसले.

१९०८ मध्ये ब्रूस यांना सर हा किताब मिळाला. पहिल्या महायुद्धात त्यांनी लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाचे प्रमुखपद सांभाळले. झोपडीतील प्रयोगशाळेपासून प्रत्येक मोहिमेत मेरी त्यांच्या सहकारी होत्या. परजीवींची अनेक चित्रे त्यांनीच रेखाटली होती. २३ नोव्हेंबर १९३१ रोजी त्यांचे निधन झाले. चारच दिवसांनी, त्यांच्यासाठी प्रार्थना सुरू असताना ब्रूस यांनीही लंडनमध्ये अखेरचा श्वास घेतला. आपल्या आयुष्याविषयी कुठे लिहिले गेले, तर त्यात पत्नीच्या कामाची नोंद असावी, अशी इच्छा त्यांनी अखेरच्या दिवसांत व्यक्त केली होती. परजीवीच्या नावात केवळ ब्रूस यांचा उल्लेख असला, तरी त्या शोधामागे श्रम मात्र दोघांचे होते.