फुटबॉलचे गुरुवर्य सय्यद अब्दुल रहीम

या स्मरणिकेच्या निमित्ताने एका शाळामास्तरांचे अल्पचरित्र आम्ही आपणांस सादर करीत आहोत. ते ना आपल्या धर्माचे, ना आपल्या कोकणचे. तथापि गोव्याच्या ख्रिस्ती खेळाडूंच्या कीर्तीत त्यांच्या परिश्रमांचा मोठा वाटा असल्याने, नाटे येथील आमच्या तरुणांस त्यांचे स्मरण हितावह होईल, अशी आमची खात्री आहे.

सय्यद अब्दुल रहीम यांचा जन्म १९०९ साली हैदराबादेस झाला. तारुण्यात ते स्वतः फुटबॉल खेळले, पुढे शिक्षक झाले. त्यांनी तयार केलेल्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी पाच वर्षे ओळीने मुंबईचा रोव्हर्स कप जिंकला. ज्या पायाने नीट मारता येत नाही, त्याच पायाने खेळावयाचे, आणि चेंडू स्वतःपाशी न ठेवता तत्काळ सोबत्यास द्यावयाचा, असे सामने ते मुद्दाम भरवीत. उणीव झाकण्यापेक्षा ती घासून नाहीशी करावी, हा त्यांचा शिरस्ता होता.

१९५१ साली दिल्लीच्या आशियाई सामन्यांत त्यांच्या हाताखाली भारतास सुवर्णपदक मिळाले. परंतु पुढच्याच वर्षी हेलसिंकी येथे युगोस्लाव्हियाने आपला एकास दहा गोलांनी पराभव केला. आपले कित्येक गडी तेव्हा अनवाणी खेळत होते. मास्तर खचले नाहीत. १९५६ साली मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये, मूळ गोव्याचे व मुंबईच्या टाटा संघाचे नेव्हिल डिसोझा यांनी ऑस्ट्रेलियावर तीन गोल केले. उपांत्य सामन्यात त्याच युगोस्लाव्हियावर पहिला गोलही त्यांनीच चढविला. तो सामना आपण हरलो, तरी भारताचा चौथा क्रमांक लागला.

१९६२ साली जाकार्ता येथे खरी कसोटी लागली. रहीमसाहेबांचे शरीर कर्करोगाने पोखरले होते. दक्षिण कोरियाशी पहिलाच सामना हरला होता; प्रेक्षकांचा प्रचंड समुदाय भारताविरुद्ध खवळलेला होता. जर्नेलसिंग यांच्या डोक्यास टाके पडले होते, तरी बचाव सांभाळणाऱ्या या गड्यास मास्तरांनी आघाडीस धाडले. ४ सप्टेंबर रोजी अंतिम सामन्यात पी. के. बॅनर्जी व जर्नेलसिंग यांनी एकेक गोल करून त्याच कोरियास दोन विरुद्ध एक असे नमविले. त्या दिवशी मधल्या फळीत गोव्याचे फ्रान्को खंबीरपणे उभे होते. फुटबॉलमधील आशियाई सुवर्णपदक त्यानंतर आजतागायत भारतास लाभलेले नाही.

पुढे नऊ महिन्यांनी, ११ जून १९६३ रोजी, रहीमसाहेबांनी देह ठेवला. पदके खेळाडूंच्या गळ्यात पडली. गुरूच्या वाट्यास शिष्यांचा उत्कर्ष तेवढा आला, आणि तेवढ्यावर ते संतुष्ट राहिले. आमच्या तरुणांनी मैदानात उतरताना एवढेच ध्यानी धरावे: दुबळा पाय आधी बळकट करावा, आणि चेंडू वेळीच सोबत्याच्या स्वाधीन करावा.