मातीच्या मैदानावरील सुवर्णकन्या

अमेरिकेतील टेनेसी राज्यात २३ जून १९४० रोजी जन्मलेल्या विल्मा रुडॉल्फ या वडिलांच्या २२ अपत्यांपैकी विसाव्या. बालपणीच पोलिओने त्यांचा डावा पाय अधू केला. अनेक वर्षे आधारपट्टी लावूनच त्या चालल्या.

पुढे नॅशव्हिलच्या टेनेसी राज्य विद्यापीठात प्रशिक्षक एड टेम्पल यांनी त्यांना घडविले. कृष्णवर्णीयांच्या या छोट्या विद्यापीठात साधनांची वानवा होती. कच्च्या मातीच्या मैदानावर टेम्पल पदरमोड करून धावमार्गाच्या रेषा आखत. शिक्षणखर्चासाठी खेळाडू मुली विद्यापीठातच रोज दोन तास काम करीत.

याच मैदानावर सराव केलेल्या विल्मा यांनी १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये १०० मीटर, २०० मीटर आणि ४ बाय १०० मीटर रिले अशी तीन सुवर्णपदके जिंकली. रिलेतील चौघीही याच विद्यापीठाच्या होत्या. जन्मगावी सत्कार ठरला, तेव्हा गोरे-काळे एकत्र बसणार असतील तरच तो स्वीकारण्याचा आग्रह त्यांनी धरला व तो मान्य झाला.

१९६२ मध्ये त्या निवृत्त झाल्या. विद्यापीठाने आपल्या बंदिस्त धावमार्गाला त्यांचे नाव दिले, ते १९८० मध्ये. १२ नोव्हेंबर १९९४ रोजी त्यांचे निधन झाले. सुविधा मागाहून आल्या. कीर्ती त्याआधीच मातीतून उगवली होती.