दादोबा पांडुरंग

दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचा जन्म १८१४ सालीं मुंबईस झाला. मराठी मुलांस स्वभाषेचें व्याकरण शिकावयास पुस्तकें नसल्यासारखींच होतीं. दादोबांनीं १८३६ त, बाविशीच्या सुमारास, आपलें व्याकरण छापविलें. १८५० त तें वाढवून पुन्हा काढलें. वाक्यें जोडणाऱ्या शब्दांस त्यांत निराळा वर्ग मिळाला, तो उभयान्वयी अव्ययांचा. हे शब्द दिसावयास क्षुल्लक. परंतु ‘पण’ हा संस्कृत ‘पुनः’पासून झिजत आला, ‘व’ फारशींतून शिरला, ‘आणि’चें मूळ ‘अन्य’ शब्दांत आहे. त्यासच आम्ही वऱ्हाडी लोक ‘अन्’ म्हणतों. वलगावच्या बाजारांत दुसरें क्वचितच ऐकूं येतें. दादोबांनीं मराठी इंग्रजीच्या सांच्यांत बसविली, हा आक्षेप आम्हांस अगदींच खोटा वाटत नाहीं. तथापि पुढील वैयाकरणांस वाद घालावयास जागा त्यांनींच करून दिली. ते १८८२ त वारले.