बंदिवान मातांच्या मुलांची कैवारी : एलिझाबेथ फ्राय

शेवगावकडील आमच्या एका मंडळीत, खोट्या कागदांवर सरकारी साह्य उचलल्याबद्दल एका आईस शिक्षा झाली. अपराध खरा होता. त्याविषयी आम्ही काही बोलत नाही. परंतु तेव्हापासून तिची तीन मुले शब्बाथशाळेत येईनाशी झाली. थोरली मुलगी पाण्यास जाई तीही अंधार पडल्यावर. अशा घरी प्रार्थनेस जावे की न जावे, असे तेथील उपदेशकाने आम्हांस विचारले. त्यास उत्तर लिहिताना आम्हांस एलिझाबेथ फ्राय या साध्वीचे चरित्र आठवले.

या बाईंचा जन्म २१ मे १७८० रोजी इंग्लंडातील नॉर्विच शहरी गर्नी नामक सधन क्वेकर घराण्यात झाला. बारा वर्षांच्या असता त्यांची आई निवर्तली. १७९८ साली विल्यम सेव्हरी या अमेरिकन उपदेशकाचे भाषण ऐकून त्यांचे मन प्रभूकडे वळले. १८०० साली जोसेफ फ्राय यांच्याशी त्यांचा विवाह झाला व पुढे त्यांस अकरा मुले झाली.

१८१३ साली लंडनच्या न्यूगेट बंदिशाळेत त्या प्रथम गेल्या, त्या तान्ह्या मुलांकरिता उबदार कपडे घेऊन. आत सुमारे तीनशे स्त्रिया आपल्या मुलांसह थोडक्या जागेत कोंडलेल्या होत्या. स्वयंपाक, धुणे, निजणे सर्व तेथेच. चोरी करणारीचे मूल आणि जिचा अद्याप न्यायही झाला नाही तिचे मूल, दोघेही त्याच फरशीवर शिव्या ऐकत वाढत होते. घरच्या अडचणींमुळे बाईंस पुन्हा तेथे नित्य जाण्यास १८१६ साल उजाडले. या खेपेस त्यांनी मातांपुढे एकच गोष्ट काढली : तुमच्या मुलांकरिता शाळा काढू या काय? ज्या स्त्रिया कोणाचे ऐकत नसत त्यांच्या डोळ्यांस पाणी आले. त्यांनीच आपल्यांतून मेरी कॉनर नावाची, घड्याळ चोरल्याबद्दल आत आलेली तरुणी पंतोजीण म्हणून निवडली. अधिकारी म्हणाले, जागा नाही. बाईंनी एक रिकामी कोठडी शोधून काढली. शाळा सुरू होताच मोठ्या स्त्रियाही आम्हांस शिकवा म्हणून दाराशी गर्दी करू लागल्या. १८१७ साली बाईंनी सोबतिणींची एक संस्था स्थापून शिवणकाम व शास्त्रवाचन चालू केले.

त्या काळी कायदा फार कठोर होता. १७९७ पासून इंग्लंडात एक व दोन पौंडांच्या कागदी नोटा निघाल्या. त्यांच्या खोट्या प्रती खपविताना सापडलेल्या गरिबांस फाशी होई. हॅरिएट स्केल्टन नामक मोलकरणीकरिता बाईंनी १८१८ साली गृहमंत्री लॉर्ड सिडमथ यांजकडे रदबदली केली. मंत्री रुष्ट झाले आणि स्केल्टन फासावर गेली. बाईंनी अपराधास कधी निरपराध म्हटले नाही. शिक्षा अपराधाच्या मापाची असावी इतकेच त्यांचे मागणे असे. त्याच वर्षी पार्लमेंटच्या समितीपुढे त्यांनी साक्ष दिली. काळ्या पाण्यास निघालेल्या स्त्रियांच्या गलबतांवर त्या स्वतः जात. ‘मरिया’ नामक गलबतावर मुलांच्या शाळेकरिताही त्यांनी जागा करविली.

पुढे १८२८ साली त्यांच्या यजमानांची पेढी बुडाली. क्वेकर मंडळीने यजमानांचे नाव आपल्या यादीतून काढले. लोकांनी बाईंच्या दानधर्माविषयीही वाईटसाईट बोलण्यास कमी केले नाही. वडिलांच्या अपकीर्तीचा भार मुलांवर कसा पडतो, हे त्यांस आता आपल्याच घरी पाहावे लागले. या भागाकडे चरित्र वाचणारे फारसे लक्ष देत नाहीत. आम्हांस तोच सर्वांत मोलाचा वाटतो. कारण इतके होऊनही बाईंनी बंदिशाळेत जाणे सोडले नाही. १२ ऑक्टोबर १८४५ रोजी त्यांस देवाज्ञा झाली. त्यापूर्वी तीनच वर्षे, १८४२ साली, आपल्या नगरास ‘ज्ञानोदय’ निघू लागले होते.

आपल्या देशात बंदिवान मातेचे मूल सहा वर्षांचे होईपर्यंत तिच्याजवळ राहू शकते, आणि त्यास कैदी मानू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली ठरविले आहे. सहा वर्षांवरील मुले मात्र गावातच राहतात, आणि गाव म्हणजे तुम्ही आणि आम्ही.

आम्ही त्या उपदेशकास जावे असे लिहिले, व एके बुधवारी स्वतःही त्याच्याबरोबर गेलो. आजीने गोधडी अंथरली. धाकटी दोघे मागील रविवारी शाळेत आली. थोरली अद्याप येत नाही.